फ्लेक्सवर मावेल एवढं

पोरं म्हणाली, आबा, क्लबाला पन्नास वर्षं झाली,
इतिहास द्या लिहून, फ्लेक्सवर मावेल एवढा.
खाली उपसरपंचांचा फोटो आहे, तेवढी जागा सोडा.

तर घ्या लिहून.
डांगरखेडे क्रिकेट क्लब, स्थापना चौऱ्याहत्तर,
जिनिंगच्या वजनकाट्यामागे.
मॅट म्हणजे बारदान, सुतळीनं शिवलेलं,
चार कोपऱ्यांत रेल्वेचे खिळे.
ते भुसावळहून कसे आले, हे फ्लेक्सवर नको.
पॅड दोन, दोन्ही डाव्या पायाचे.
बॅट एक, वारक्यांच्या डिगंबरची,
म्हणून सलामीला तोच,
आणि शून्यावर उडाला की बॅट काखेत, घरी.

उखर्डू झोपे: बत्तीस सामने, धावा सतरा.
पण त्याच्या बैलगाडीशिवाय संघ सावद्याला पोचत नव्हता.
यष्टीमागे सुपडू,
जगावा म्हणून आईनं सुपात घातलेला;
त्याच्या हातून काही सांडत नसे.
चेंडू उसवला की नथू मोची शिवायचा, निळ्या दोऱ्यानं.
पैसे घेत नव्हता, बारावा गडी म्हणून नाव मागायचा.
नाव आहे. वही पाहा.

मी खेळलो नाही. चष्मा होता.
वही माझी, आणि अंपायरही मीच.

उत्तरेला केळी, पूर्वेला पाट,
पश्चिमेला भारंब्यांची विहीर, साठ हात खोल.
तीत गेला तर सहा धावा, चेंडू गेला,
आणि भारंबेकाकूंच्या शिव्या. त्या वहीत नाहीत.

आता अठ्ठ्याहत्तरची ढाल.
तालुक्याचा संघ आला होता, पांढऱ्या कपड्यांत,
नवा चेंडू घेऊन, सोनेरी शिक्क्याचा, डबीतला.
त्यांना हव्या चार धावा, शेवटची जोडी.
उंच मारला, विहिरीकडे.
कठड्याशी रुबाब तडवी.
काळ्या मातीत अठरा षटकं लोळला
की कुठलाही चेंडू कुठल्याही चेंडूसारखा दिसतो.
रुबाब मागे झुकला, कठड्याआड दिसेनासा झाला,
आणि उठला तेव्हा हात वर, हातात चेंडू.
मला जे ऐकू आलं
ते मी त्याच क्षणी विहिरीतल्या पारव्यांवर ढकललं.
चेंडू माझ्याकडे आला.
अंगठ्याला नथूचा टाका लागला.
मी बोट वर केलं.

पाहुण्यांनी चेंडू परत मागितला.
म्हटलं, राहू द्या, आठवण.

रात्री पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी भाजली,
कळण्याच्या पुऱ्या, केळीच्या पानावर भरीत.
नथू नाचला, ढाल डोक्यावर घेऊन.
वहीत लिहिलं: झे. तडवी.

गेल्या उन्हाळ्यात भारंब्यांच्या नातवानं विहीर गाळली.
गाळात चेंडू निघाले,
पोरांनी ओळीनं मांडले, फोटो काढले.
दहांना निळा दोरा, कुजलेला, पण निळा.
एकाला नव्हता.
तो मी उचलला. अकरा होते की दहा,
यावर पारावर अजून वाद आहे.

रुबाब आता लेकीकडे असतो, सातपुड्याच्या पायथ्याला.
दिसत नाही त्याला.
चेंडू हातात दिला. अंगठ्यानं शिवण चाचपत राहिला,
एक फेरा, दुसरा फेरा.
मी म्हटलं, खिशात दुसरा होता?
म्हणाला, नेहमीच असायचा एक.
मग थोडं थांबून,
बोट तर तुह्यंच होतं न, भो.
चहा आला. आम्ही बशीत ओतून प्यालो.
केळीच्या भावाबद्दल बोललो.

तर पोरांनो, एवढंच छापा:
स्थापना चौऱ्याहत्तर. ढाल एक.
उखर्डूच्या सतरा धावा.
बारावा गडी नथू मोची, हे ठळक.
जागा पुरली नाही तर उपसरपंचांना
जरा बाजूला सरकायला सांगा.

आणि रात्रीच्या लाइटात टेनिस बॉलनं खेळता ना तुम्ही,
अंपायरच्या खुर्चीवर मला बोलवू नका.
बोट अजून चटकन वर जातं.