दीड खांब

एक बस ताशी चौपन्न किलोमीटर वेगाने जात आहे.
चालकाने ब्रेक लावल्यावर तिचे त्वरण
ऋण तीन मीटर प्रति सेकंद वर्ग होते.
तर थांबेपर्यंत बस किती अंतर कापेल?

मी मोठ्याने वाचलं. त्याशिवाय
मला गणित कळत नाही.
वडाळ्याच्या क्वार्टर्समध्ये, तिसऱ्या मजल्यावर,
बाबा खाकी शर्टाला बटण लावत होते.

"दीड खांब," म्हणाले.

मी लक्ष दिलं नाही.
चौपन्न गुणिले पाच छेद अठरा, पंधरा.
यू पंधरा. व्ही शून्य,
बस थांबते असं गणितातच लिहिलंय.

"बशीत माणसां किती?"
दिलेलं नाही.
"रस्तो ओलो की सुको?"
दिलेलं नाही, बाबा.
"आणि ह्यां ऋण कोणाचां?"

मी हसले. ऋण म्हणजे वजा.
वेग कमी होत जातो, म्हणून वजा.

त्यांनी दोरा दातांनी तोडला.
सायनच्या उतारावर, माझ्या जन्माआधीच्या मे महिन्यात
एक पोरगी अर्धा रस्ता ओलांडून
सुटलेल्या चपलेसाठी मागे वळली होती.
"दिसलां आणि पाय पडलो, ह्येच्या मधी
काय तरी आसता.
तां तुमच्या पुस्तकात खंय?"

मी पान उलटलं. पुढे विहिरीत पडणारा दगड होता.

बस थांबली तेव्हा चपलेचा अंगठा टायरखाली.
पोरीने दोन्ही हातांनी ती ओढून काढली,
ड्रायव्हरला सणसणीत शिवी हासडली आणि गेली.
कंडक्टर घाडी सांडलेली नाणी वेचत राहिले.
बाबांना पहिला गिअर सापडेना.
एवढंच. मग बटण, दुसरं बटण,
आणि आईने ताट वाढलं म्हणून उठले.

दोनशे पंचवीस भागिले सहा.
साडेसदतीस मीटर. मागे उत्तरही तेच होतं.

सकाळी आईच्या टेपने माझं पाऊल मोजलं, बासष्ट सेंटीमीटर.
आगाराच्या भिंतीलगत एका खांबापासून
दुसऱ्यापर्यंत चाळीस पावलं. मग अजून वीस.
वॉचमनने विचारलं, काय हरवलं गं?
बाबा तीस सेंटीमीटरने चुकले होते,
माझ्या कंपासपट्टीएवढे.

सहामाहीत असंच गणित आलं, ट्रकचं.
दिलेले लिहिलं. सूत्र लिहिलं.
दोन्हींच्या मध्ये एक ओळ कोरी सोडली.
पेडणेकर सरांनी तिथे लाल पेनाने
प्रश्नचिन्ह काढलंय.
मार्क तीनपैकी तीन.