लाल बटण

हडर्सफील्डच्या बसमध्ये
दर खांबावर एक लाल बटण असतं.
दाबलं की टिंग, आणि सगळे वळून बघतात,
असं मला वाटायचं.

म्हणून दिवाळीपासून नाताळपर्यंत
दुसरं कुणी दाबेल तिथे मी उतरले.
कधी चर्चपाशी, कधी पार टेकडीच्या टोकाला,
आणि मग दुधाचा कॅन या हातातून त्या हातात करत
उतार उतरून घरी.
नवऱ्याला सांगायचे, चालणं बरं असतं.

जानेवारीत नुसती बटणाजवळच्या सीटवर बसले.
फेब्रुवारीत हातमोजा काढून बोट टेकवलं.
दाबलं नाही.
गार होतं, मधोमध झिजलेलं.
किती जणांना उतरायचं असतं.

एकदा दाबलं, तर भलत्याच थांब्याला.
दार उघडलं. कुणी उठेना.
कानशिलं तापली,
आणि मीच उतरले, तिथेच माझं माहेर असल्यासारखी.
ड्रायव्हरला थँक्यूसुद्धा म्हटलं.
घरी आले तेव्हा भात लावायची वेळ टळली होती,
बाकी काही नाही.

काल मांडीवर भलीमोठी लॅम्पशेड धरलेले एक आजोबा म्हणाले,
जरा दाबतेस का, पोरी?
दाबलं. टिंग. त्यांच्यासाठी होतं ना.

त्यानंतर दोन थांब्यांनी माझा.
पोटात तोच गोळा.
बहुतेक त्यानेही महिन्याचा पास काढलाय.
असू दे. दाबलं.

कुणी वळून पाहिलं नाही.
जरा वाईटच वाटलं.