निशाणी चौदा

सात वर्षं ज्याची खबर नाही,
खबर ज्यांना असायला हवी त्यांनाही नाही,
तो मेला असं कायदा धरून चालतो.
विट्याच्या कोर्टासमोर वकिलाचा कारकून म्हणून
हे वाक्य मी इतक्यांदा टाइप केलंय
की बोटं आपली आपण चालतात.

लेंगऱ्याच्या माळाला एकतीस गुंठे.
सातबाऱ्यावर हिंदुराव केरू बागल.
सत्त्याहत्तर साली गलाईला गेला.
इकडची निम्मी पोरं तशीच जातात,
कुणी कोइमतूर, कुणी कटक, कुणी पार सिलीगुडी,
दुसऱ्याचं सोनं गाळायला.
जत्रेला येतात, देवळाला फरशी घालून परततात.
हिंदुराव आला नाही.

त्याची बायको गजराबाई
गेल्या चैत्रात वारली. पोटी कोणी नाही.
चौदाव्या दिवशी पुतणे ऑफिसात:
चुलता मयत दाखवा, वारस आम्ही.
साहेब म्हणाले, आधी शोध घ्या.
शोध घ्या म्हणजे मी घ्यायचा.

मला ती आठवत होती.
ह्याच पुतण्यांनी तिला तीनदा आणलेलं
त्याच अर्जावर अंगठा द्यायला.
तिन्ही वेळा शाई लागलेला अंगठा
तिनं पदराला पुसला
आणि विचारलं, भिवघाटाची एस्टी किती वाजता?

घरात ऐवज म्हणावा असा काही नव्हता.
डालड्याच्या डब्यात मनीऑर्डरची कुपनं,
सुतळीनं बांधलेली, सालवार.
पहिली मराठीत. खुशाल आहे. शंभर पाठवलेत.
पुढं दोनशे. पुढं पाचशे. खुशालीला वाढ नाही.
आणि मग एका कुपनावर अक्षरच निराळं:
उसवलेल्या स्वेटरची लोकर
टेबलावर पडावी तसं, वळणं वळणं.
त्यानंतरची सगळी तसलीच.

मी मिरजेला गेलो.
मिशन हॉस्पिटलात सिस्टर एलियम्मा
रात्रपाळी उतरून बाकावर बसली होती.
तिनं ते पहिलं वळणाचं कुपन दिव्याखाली धरलं,
दोनदा वाचलं, मग आपल्या मराठीत म्हणाली:
‘बाबा वारले. दर वर्षी ह्या पत्त्यावर
पैसे पाठव, बोलले होते.
तुम्ही कोण, ते बोलले नाही.’
खाली नाव. शीजा. त्रिशूर.

शिक्का दोन हजार चारचा.
शेजारच्या पारूबाईला विचारलं,
त्या साली काही घडलं होतं का?
काही नाही, म्हणाली. नळाचं पाणी आलं.
आणि गजराक्कानं कुंकू लावायचं सोडलं.
कपाळाला खाज उठते म्हणायची.

वाचता तर तिला मराठीही येत नव्हतं.

शीजाचा फोन लागायला दीड महिना गेला.
एलियम्मा मधे बसून बोलत होती.
शीजाला मराठी एकच शब्द येतो, मूस.
बाप दुकानात ओरडायचा तो, मूस आण, मूस.
तिनं रडारड केली नाही. विचारलं,
एकतीस गुंठे म्हणजे किती सेंट?
मी फाईलच्या पाठीवर हिशेब मांडला.
साडेसत्त्याहत्तर.
तिकडून बराच वेळ काही आलं नाही.
तिकडं म्हणे तेवढ्यात नारळाची बाग होते.
मी सांगितलं, इथं कुसळं होतात.
ते एलियम्मानं तिला सांगितलं की नाही, माहीत नाही.

तलाठी म्हणाला, पण पोरगी कुठल्या बायकोची?
मी म्हणालो, रकान्यात नातं विचारलंय. मुलगी.
पुतणे आता मला बघून रस्ता ओलांडतात.

केस उभी आहे. कुपनं दाखल झाली,
निशाणी चौदा, अडतीस नग.
पारूबाईचा जबाब साहेबांनी वगळला.
कपाळाच्या खाजेला निशाणी पडत नाही, म्हणाले,
आणि ते खरंच आहे.
मी तो टाइप करून ठेवलाय तरीपण,
माझ्या ड्रॉवरमध्ये, नंबर न घालता.