फेरफार

डॉक्टरांनी कोरा कागद आडवा धरला,
विचारलं, घरात आणखी कुणाला?
पुरुषाला चौकोन, बाईला गोल,
ज्याला झालं त्याचा आतून काळा.

सीवूड्सच्या त्या क्लिनिकात मला
तलाठ्याचा सज्जा आठवला.
असाच कागद, नावाखाली नावं,
मयताला कंस,
बाजूला गोलात फेरफाराचा नंबर.

मी म्हटलं, बाबांना काही नव्हतं.
बाबा फक्त श्रीमंत झाले होते.

साडेबारा टक्क्यांचा प्लॉट विकला त्या वर्षी
पंधरा दिवस ते झोपले नाहीत.
रात्री तीनला करावे गावात दारं वाजवून सांगायचे,
खाडीवर पूल बांधतोय, स्वतःचा,
कुणाकडून टोल घेणार नाही.
एका दुपारी सात फ्रिज आणले.
सहा आळीत वाटले. सातवा अंगणात,
त्यात चपला ठेवल्या.
आम्ही पोरं हसून हसून लोळलो.
इतका गोड बाप मला परत मिळाला नाही.

गाव म्हणालं, पैसा डोक्यान गेला हसुरामचे.
मग दिवाळीनंतर भिंतीकडे तोंड करून पडले
ते शिमग्यापर्यंत.
गाव म्हणालं, पैसा संपला, दुसरं काय.

चौकोन काळा झाला.
पेन नीट उठत नव्हतं, दोनदा घासावं लागलं.

आणि त्यांची भावंडं?
पोसूबाय आत्या. पण तिचं वेगळं,
मिठागर बुजवलं तेव्हापासून ती बोलेना.
मिठागरं सगळ्यांचीच गेली असतील ना, डॉक्टर म्हणाले,
आवाज न चढवता.
सगळ्यांचीच.
बाकीच्या बाया पाटी घेऊन बेलापूरच्या बाजारात बसल्या.
आत्या मागच्या दारात बसली, अकरा वर्षं.
मला बघायला आलेल्यांना आम्ही सांगितलं,
ती कामवाली आहे.

आजोबांच्या अंगात देव यायचा, मी म्हटलं.
पेन थांबलं.
चौकोनात त्यांनी प्रश्नचिन्ह काढलं.
मला बरं वाटलं,
देवाला कुणीतरी संशयाचा फायदा दिला.

मग समजावत बसले.
रक्तातून येतं, पण सगळं रक्तातून येत नाही.
जुळ्यांतही एकाला होतं, एक मजेत असतो.
आईला किंवा बापाला असेल
तर शंभर मुलांत आठ-दहांना.
म्हटलं, डॉक्टर, आम्ही साडेबारा टक्केवाले.
त्यांना कळलं नाही. ते साताऱ्याचे.

गोळी लिहिताना म्हणाले, लिथियम,
तेही एक मीठच आहे.
जास्त झालं तर विष, कमी पडलं तर उपयोग नाही,
म्हणून रक्त तपासत राहायचं.
आजोबा खडा जिभेवर ठेवून सांगायचे,
मीठ उतरलं की नाही.
ते मिठागर आता कुठे असेल?
बहुतेक या इमारतीच्या पार्किंगखाली.

कागदाच्या तळाशी माझा गोल,
त्याच्या खाली लहान गोल, कोरा.
तो त्यांनी पेन्सिलीनं काढला होता.

तनिष्का बाहेर बाकावर बसली होती.
पंधरा वर्षांची, कानात वायर.
काय म्हणाले?
तलाठी नोटीस लावायचा,
हरकत असल्यास पंधरा दिवसांत कळवावे.
बाबांना ती वाचता आली नसती.
आत्याला कुणी विचारलंच नाही.

रिक्षात मी तिला सगळं सांगितलं.
सगळं म्हणजे सुरुवात फ्रिजपासून.
ती हसली.
जरा जास्त वेळ हसली का?
मी तिचे डोळे पाहिले, रात्री कधी झोपली ते मोजलं,
मग माझी मलाच लाज वाटली.

चपला? तिनं विचारलं.
कुठल्या कप्प्यात?