उलटी सायकल

दहा वाजता परत येते तेव्हा
रक्ताच्या नळ्या लॅबमध्ये पोचलेल्या असतात,
बर्फाच्या डब्यातून, कोरड्याठाक.
भिजलेल्या आम्ही दोघीच.

केस नंतर.
आधी हिला खांद्यावर घेऊन दोन जिने,
मग गॅलरीत उलटी करायची,
उताण्या झुरळासारखी, चाकं हवेत.

ह्यांचं जुनं बनियन दोन तुकड्यांत फाडलंय.
'चांगलं होतं अजून,' असं ते
गेल्या श्रावणापासून म्हणतायत.

चेन पुसताना चिंधी चोळायची नाही.
नुसती धरायची, पेडल मागे फिरवायचं,
चेन आपली आपण पुसली जाते.
लोकांनाही मी हेच सांगते, सुई काढल्यावर:
कापूस दाबून धरा, चोळू नका.
चोळतातच.

कन्नमवारनगरचा चिखल काळा,
हायवेखालचा करडा, सिमेंटचा,
वाळला की ब्रेकच्या रबरात
खरकागदासारखा बोलतो.
आणि मडगार्डच्या आत, वर, बोट जाईना तिथे
लाल माती.
लाल माती एकाच बिल्डिंगच्या दारात,
कुणीतरी जास्वंदीसाठी ट्रकभर आणून टाकलेली.
तिसरा मजला, तोरसकर सर.
'हा नको, डावा घ्या. डाव्याला शिस्त आहे.'
दर सोमवारी, उपाशीपोटी, हेच.
मंगळवारी सुनेचा फोन आला,
की आता यायला नको.

माती ठेवावी वगैरे काही वाटलं नाही.
टूथब्रशने काढली.
थोडी ब्रशातच राहिली.

परकारचाचा स्टेशनजवळ पंक्चर काढतात.
पहिल्या वर्षीच म्हणाले होते,
'ताई, वरचं पाणी पाणी नाय.
सीट उपसून काढा, नळी पालथी घाला, मग बघा.'
आज काढली. पालथी घातली.
आधी काहीच नाही.
मग गंजाच्या रंगाचं, कोमट,
अर्धा कप तरी आलं,
कुठल्या गल्लीचं, कुठल्या तारखेचं,
त्यावर लेबल नव्हतं.
आणि खालून आवाज:
'ओ गुंजाळबाई! माझ्या उशांचे अभ्रे!'

मी घाईने चिंधी नळीत कोंबली
आणि गप्प उभी राहिले, चोरासारखी.

शिलाई मशीनचं तेल, कडीकडीला एक थेंब.
जास्त नको, धूळ धरतं.
घंटीत पाणी शिरलंय, ती नुसती 'ठक' करते.
झटकली. ठक.
स्क्रू काढून वाटी फुंकली, बसवली.
ठक, पण थोडं लांबलेलं.
असू दे. दुपारपर्यंत सुटेल.

सीट ओट्यावर, चहाच्या पातेल्याशेजारी.
फडताळात उद्याची यादी, साडेपाचपासून
आठ उपाशी माणसं,
सोमवारच्या रकान्यात एक जागा मोकळी.
हवामानखातं म्हणतंय, जोरदार.

टॉवेल घेतला तर
केस आपले आपण वाळले होते.