शेळी

पेंबा बेटावर नारळ खवायच्या पाटाला शेळी म्हणतात.
दोनच पाय, कातरीसारखे मिटणारे,
पुढे काढलेली मान
आणि मानेच्या टोकाला दात्यांची लोखंडी जीभ.
शेळी का, असं विचारलं तर बी झुवेना म्हणतात,
दूध देते ना? मग.

सासूने लग्नात दिलेली.
त्रेचाळीस वर्षं बसून बसून
फळीला खळगा पडलाय.
पत्रा गळतो तेव्हा त्यात
चिमणीला पुरेल एवढं पाणी साचतं.

भकल फिरतं, जीभ चाटत जाते,
ताटात चव पडत राहतो.
तपकिरी कड दिसली की हात आपोआप थांबतो.
त्यापुढे खवलं तर रश्शाला काळपट झाक येते
आणि सासू
(वारली त्याला एकोणीस वर्षं झाली)
नाक मुरडते.

पहिलं दूध पिळून झाकून ठेवायचं.
दुसऱ्या-तिसऱ्या पाण्यात कसाव्याचा पाला शिजतो,
मिळाला त्या दिवशी ऑक्टोपस.
पहिलं सगळ्यांत शेवटी,
आणि ओतल्यावर ढवळणं सोडायचं नाही, नाहीतर फाटतं.
मकामेला हे सांगायचं राहून गेलं.
तो हॉटेलात डब्यातलं ओततो. ते फाटत नाही.

त्याच हॉटेलची मॅनेजरीण सोमवारी आली.
शेळी भिंतीवर लावायची म्हणे, दिव्याखाली.
नवी नको. वापरलेलीच हवी.
खळग्यातून बोट फिरवत तिने आकडा सांगितला.
मकामे दारात उभा,
स्वतःच्या चपलांकडे बघत.

बी झुवेनांनी चहा दिला.
आकडा वाढला.
पुन्हा चहा.
मग त्या मागे जाऊन हातोडी घेऊन आल्या,
चार गंजके खिळे उपटले,
जीभ कांग्याच्या टोकात गुंडाळली, गाठ मारली,
आणि म्हणाल्या, घेऊन जा.

आता ती तिथे आहे, दिव्याखाली, बिनजिभेची.
परवा एका पाहुण्याने विचारलं, हे काय?
मकामे म्हणाला,
स्टूल.

इकडे सांजेला पुन्हा खरखर सुरू झालीय.
फळी नवी, म्हणजे कुणाच्या तरी
मोडलेल्या होडीची.
अजून टोचते.
बी झुवेना सारख्या सरकून बसतात,
कधी डावीकडे, कधी थोडं पुढे,
आणि भकल ओलं होण्याआधीच
हाताला खारट वास येतो.