अर्धा लिटर पाणी

वाक, पोरा. अजून वाक.
मोरीच्या जाळीला नाक लागू दे.
कसला वास येतोय?
कसलाच नाही ना? म्हणजे खाली पाणी आहे,
पाईपच्या वाकणात, चार बोटं, गुपचूप बसलेलं.
ट्रॅप म्हणतात त्याला. सापळा.
पाणी अडकतं, माणूस सुटतो.
घराला खरं दार एवढंच.
बाकीची तीन कुलपं आणि लोखंडी जाळी
बाईंनी चोरांसाठी लावलीत.

एकतीस वर्षं हाँगकाँगचे पाईप जोडतोय मी,
इमारती मला खालून ओळखू येतात,
जसं चांभाराला गिऱ्हाईक.

त्या वसंतात, तू जन्मलाही नव्हतास,
लोक फरशी पुसून कोरडी ठेवायचे.
स्वच्छ लोक रे! फडकं, जंतुनाशक, पुन्हा फडकं.
मोरीत तांब्याभर ओतायची वेळच येईना.
वाकणातलं पाणी उडून गेलं,
आणि कुणी बाथरूमचा पंखा लावला
की सगळी इमारत उलटा श्वास घ्यायची,
चौथ्या मजल्याच्या पोटातलं
विसाव्याच्या उशाशी.

सतराव्यावर फुंग युक-लिन राहायची.
चिपाव शिवायची, गळ्याच्या गाठी हातानं वळायची.
फोन आला तिचा:
सिफू, मोरीतून वास येतोय,
घाई नाही, सवडीनं या.
मी म्हणालो, गुरुवारी.

गुरुवारी इमारतीभोवती दोरी होती.
पांढऱ्या कपड्यांतली माणसं, आणि बसगाड्या
लोकांना सुट्टीच्या शिबिरांत नेणाऱ्या.
खिडक्यांतून मुलं हात हलवत होती,
सहलच वाटली असेल त्यांना.
मी हत्यारांची पेटी घेऊन फुटपाथवर.
सतरावा मजला मोजला. दोनदा मोजला.

मग परिपत्रकं आली.
पाईप तपासा. सांधे तपासा. नवे आराखडे, वारा कुठून वाहील त्याचं गणित.
आणि लिफ्टजवळ चिकटवलेली एक ओळ:
आठवड्यातून एकदा, मोरीत, अर्धा लिटर पाणी.
खाली शिक्का. सही वाचता येत नव्हती.
लोक तिच्यासमोर उभे राहून लिफ्टची वाट बघत.
मला त्या ओळीत फोन वाजल्यासारखं होतं.

हे पहिल्यांदा नाही झालेलं.
शंभरावर वर्षांपूर्वी प्लेग आला,
डोंगरउतारावरची वस्तीच पाडून टाकली.
मग कायदा निघाला: घरामागे उघडी जागा सोडा.
तशाच एका मागच्या बोळात वाढलो मी.
तिथे न्हावी आरसा टांगायचा,
आम्ही पिसाचं फूल पायानं उडवायचो,
आई वरून ओरडायची, उजेड आहे तोवर खेळा.
तो उजेड कुणाच्या मरणातून आलाय
हे आम्हाला कुणी सांगितलं नाही.
सांगितलं असतं तरी खेळलोच असतो म्हणा.

आता नव्या टॉवरात बाथरूमला खिडकी नसते.
तो आर्किटेक्ट, सिटसाहेब, मला म्हणाला,
यंत्र हवा ओढेल, नियमात बसतंय.
बसतंय, साहेब. सगळंच बसतंय.
इंचाइंचाचा भाव आहे, खिडकी काय विकत घेणार?
मी आपला सांध्यावर बोट फिरवून बघतो,
डॉक्टर नाडी बघतो तसं.

हं, ओत आता. हळू.
ऐकलंस? गुडुक.
भरलं ते.
पुरे, जास्त नको, बाई फरशीवरून ओरडतील.
हात धू. मनगटापर्यंत.

बघ, तुझा फोन वाजतोय.
वरच्या मजल्यावरचे असतील, वास येतोय म्हणतील,
सवडीनं या म्हणतील.
उचल.
गुरुवार म्हणू नकोस.